बाळंतिणीच्या डब्यातली बाटली

आमच्या घरात दारूचं नाव काढलेलं चालत नाही. माझे सासरे दारूनं गेले. तेव्हा माझे यजमान शाळेत होते. सासूबाईंनी विड्या वळून मुलं मोठी केली आणि तेव्हापासून उंबऱ्याच्या आत दारू येणार नाही, हा नियम घातला. आमच्या लग्नात एका पाहुण्याच्या तोंडाला वास आला म्हणून त्यांनी त्याला भर पंगतीतून उठवलं. तो माझा सख्खा मामा होता. मी नवी नवरी, मान खाली घालून ताटातल्या जिलेबीकडे बघत बसले.

आणि त्याच घरात, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, पत्र्याच्या एका डब्यात ओवा, बाळंतशेपा, डिंक आणि खारका यांच्या शेजारी ब्रँडीची एक चपटी बाटली कायम असायची. तिला कुणी दारू म्हणत नव्हतं. तो डबा बाळंतिणीचा होता आणि त्यातलं सगळं औषध. सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या विणकरांच्या वस्तीत, बाळंतिणीला वारा बाधू नये म्हणून संध्याकाळी गरम पाण्यातून थोडी ब्रँडी द्यायची जुनी पद्धत आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला ती मिळाली. मी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. ओव्याबद्दल तरी कोण विचारतं?

मी टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघते. कुठल्या गाडीत कुठला माल, किती गठ्ठे, कुठल्या रंगाचे, याच्या याद्या करणं हे माझं पोट. ती सवय घरीही आली. फ्रिजवर किराण्याची यादी, त्याखाली दुरुस्तीच्या कामांची, त्याखाली पाहुण्यांची. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे हा प्रकार त्यांना कायम टोचायचा. यजमानांनी काही विचारलं की त्या म्हणायच्या, "मला काय विचारतोस? त्या कागदाला विचार की. तोच घर चालवतो."

छातीत गाठ लागली तेव्हाही मी आधी यादीच केली. तपासणी, सोनोग्राफी, सुईनं घेतलेला तुकडा, कारखान्यातल्या रजेचा अर्ज, मुलीच्या परीक्षेनंतरच तिला सांगायचं, दिवाळीच्या ऑर्डरी कुणाकडे सोपवायच्या. रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. मी ती ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. यजमान नवी पेठेत चादरींच्या दुकानात काम करतात. त्यांना दुकानात जाऊन सांगितलं. ते गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवत होते. माझं बोलणं झाल्यावर त्यांनी ती चादर पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, घ्यायची म्हटलंय मी."

ऑपरेशन झालं. गाठ वेळेत सापडली होती, केमोची गरज पडणार नाही म्हणाले. सासूबाई दवाखान्यात आल्या, माझ्या कुशीतून निघालेली नळी आणि तिला लावलेली रक्ताळलेल्या पाण्याची बाटली त्यांनी नीट बघून घेतली, आणि यजमानांना म्हणाल्या, "घरी गेल्यावर आतली खोली मोकळी कर. वारा नको."

घरी आल्यावर कळलं, त्यांनी माझं बाळंतपणच मांडलं होतं. आतल्या खोलीत खाट. खिडकीला जुनी चादर. माझ्या डोक्याला घट्ट रुमाल. शेगडीवर ओव्याची धुरी. बाहेरून येणाऱ्या बाईनं पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही.

"अत्तम्मा," मी म्हणाले, "मला बाळ झालेलं नाही." (अत्तम्मा म्हणजे सासूबाई. घरात आम्ही तेलुगू आणि मराठी कालवून बोलतो; इथं मी ते मराठीत लिहिते आहे.)

"अंगातनं काहीतरी काढलंय की नाही?"

"काढलंय."

"रक्त गेलंय की नाही?"

"गेलंय."

"मग बाळंतीणच की. गप पड."

मी रुमाल सावरून आडवी झाले. पुढं रोज रेडिएशनसाठी जावं लागलं. त्याला दवाखान्यातले लोकही बोलताना 'शेक' म्हणायचे. ते ऐकल्यावर तर सासूबाईंची खात्रीच पटली. "बघ," त्या यजमानांना म्हणाल्या, "डॉक्टर पण शेकच देतात. मी काय वेगळं सांगत होते?"

ब्रँडी आणायचं काम अर्थात यजमानांवर आलं. डब्यातली जुनी बाटली तळाला गेली होती. या माणसानं जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. वस्तीतल्या दुकानात कुणी बघेल म्हणून ते थेट स्टेशनच्या पलीकडं गेले आणि चादरीच्या पिशवीत बाटली घालून, वर एक नॅपकीन झाकून घेऊन आले. कपाळावर घाम.

"दुकानदार म्हणाला, सोबत काय देऊ?"

"मग?"

"मी म्हटलं, काही नको, घरी ओवा आहे."

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. टाके ताणले गेले, छाती दुखली आणि तरी हसू थांबेना. सासूबाई दारातून ओरडल्या, "हसवू नको तिला! ओली जखम हाय."

संध्याकाळ झाली की त्या मला मागच्या परसात पायरीवर घेऊन बसायच्या. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट चालूच असायचा, त्यामुळे आम्हाला जवळजवळ बसूनच बोलावं लागायचं. स्टीलच्या छोट्या वाटीत गरम पाणी, गुळाचा खडा, आणि बाटलीच्या बुचानं मोजून एक बूच ब्रँडी. ओतताना त्या तोंड बाजूला फिरवायच्या. तो वास त्यांना सहन होत नव्हता. वाटी माझ्या हातात देईपर्यंत श्वास रोखलेला असायचा. स्वतः कधी थेंबही चाखला नाही.

वाटी संपली की हाताचा व्यायाम. ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथीही काढल्यामुळे माझा हात वर जात नव्हता. फिजिओथेरपीवालीनं सांगितलं होतं, भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर वर चढवायची. मी ते कागदावर लिहून आणलं होतं. सासूबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या. "चढ," त्या म्हणायच्या. "चढ, चढ. अजून चढ. अगं, तिथं वर साखर ठेवलीय असं समज." दुखलं की मी थांबायची. त्या माझ्या कोपराखाली त्यांचा तळवा धरायच्या, ढकलायच्या नाहीत, नुसता आधार. मग म्हणायच्या, "एम कादु, बिड्डा." काही होत नाही, लेकरा.

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बिड्डा म्हटलं नव्हतं. आमचं बोलणं कामापुरतं. दूध आलं का, भाजी काय, लाइट बिल भरलं का. मी सकाळी कारखान्याच्या बसला पळणारी, त्या विड्यांच्या सुपापाशी. भांडण असं नव्हतं, पण बसून बोललोय, असंही कधी नव्हतं. त्या पायरीवर मात्र त्या बोलायला लागल्या. सासऱ्यांबद्दल पहिल्यांदा मी तिथंच ऐकलं.

"एकदा त्याची बाटली मी नालीत ओतली," त्या म्हणाल्या. "वाटलं, आता मारतोय. मारलं नाही. नालीच्या कडंला जाऊन बसला आणि रडायला लागला. पोरगं मेल्यासारखा. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. काय करणार? वाईट माणूस नव्हता गं. बाटली वाईट होती."

मी हातातल्या वाटीकडं बघितलं. त्यांनी ते ओळखलं.

"हे औषध हाय," त्या म्हणाल्या. "पी."

शेक संपले. रोजची एक हार्मोनची गोळी सुरू झाली, ती काही वर्षं घ्यायची. मी कामावर परत गेले. ब्रँडी थांबायला हवी होती, पण थांबली नाही. थंडी पडली तेव्हा एका बुचाची दोन झाली. थंडी गेली, बुचं दोनच राहिली. आम्ही दोघींनीही तो विषय काढला नाही, कारण ब्रँडी थांबली असती तर पायरीवर बसायचं निमित्त संपलं असतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग सासूबाई नणंदेकडे भिवंडीला गेल्या. नणंदेच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं आणि आमच्याकडे बाळंतपण म्हटलं की सासूबाईंशिवाय पान हलत नाही. जाताना डब्याकडं बोट दाखवून मला म्हणाल्या, "दोन बुचं. विसरायचं नाही."

मी विसरले नाही. उलट कारखान्यातून परत येताना बसमध्येच आठवण यायची. घरी आले की पर्स ठेवून आधी पाणी गरम. बूच मोजायला समोर कुणी नव्हतं, मी अंदाजानं ओतू लागले. मग गूळ घालायचा कंटाळा आला. मग पाणी गरम करायचा. पायरीवर एकटीला बसवत नव्हतं, म्हणून ओट्यापाशी उभी राहूनच प्यायची आणि भिंतीवर बोटं चढवायचं बऱ्याचदा राहून जायचं. एके दिवशी किराण्याची यादी करताना लक्षात आलं की बाटली संपत आली आहे, ती लिहायला हवी. पेन हातात धरून मी विचार करत बसले, कुठं लिहू? औषधांत, की किराण्यात? डॉक्टरांच्या चिठ्ठीत ती नव्हती. किराण्याच्या दुकानात ती मिळत नाही. मी काहीच न लिहिता पेन ठेवला आणि यजमानांना तोंडी सांगितलं.

त्याच सुमारास माझी झोप गेली. अंगातून एकदम वाफ निघावी तसं व्हायचं, मान, पाठ घामानं भिजायची. हे गोळीमुळं होतं असं मला आधीच सांगितलेलं होतं, म्हणून मी सोसत होते. उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा आणि आतून वेगळी भट्टी. तपासणीची तारीख आली तेव्हा माझ्या तक्रारींचा कागद तयार होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. तपासलं. रिपोर्ट चांगले होते. मग त्या नेहमीचे प्रश्न विचारू लागल्या. तंबाखू? नाही. मिस्री? नाही. दारू?

"आमच्या घरात दारूचं नाव काढत नाहीत," मी म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच अभिमान वाटत होता.

आम्ही उठलो. यजमान दारापर्यंत गेले आणि मागे वळले. त्यांना काहीतरी महत्त्वाचं आठवलं होतं.

"मॅडम, एक विचारायचं राहिलं. आता ऊन फार आहे. ब्रँडीचा डोस कमी करायचा का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कसली ब्रँडी?"

"ती... बाळंतिणीची."

"कोण बाळंतीण आहे?"

यजमानांनी माझ्याकडं बोट केलं.

आम्ही पुन्हा बसलो. पुढचं सगळं मी सांगितलं, बुचापासून ओट्यापर्यंत. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, ब्रँडी म्हणजे दारूच. गरम पाण्यात घातली तरी, गूळ घातला तरी. आणि दारूनं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे आम्हाला नक्की ठाऊक आहे."

"पण मला तर होऊन गेलाय," मी म्हणाले. "त्यानंतर घेतल्यानं काय होतं? परत येतो का?"

"यावर सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. काहींत फरक दिसतो, काहींत दिसत नाही. पण दुसऱ्या स्तनात नव्यानं होण्याची भीती असते, ती वाढू शकते. अमुक इतकी घेतली तर चालेल, असं माप मी तुम्हाला देणार नाही. शिवाय हा घाम, ही गेलेली झोप, यात गोळीचा वाटा आहेच, पण तुमची वाटी त्यात भर घालत असणार."

"म्हणजे मी जी घेतली, त्यानं माझं काही बिघडलं का? हो की नाही?"

माझा सगळा जन्म माल पोचला की नाही पोचला, यात गेला आहे. मला एका शब्दात उत्तर हवं होतं. त्यांनी मान हलवली.

"नाही सांगता येत. तुम्हाला नाही, मला नाही, कुणालाच नाही. रिपोर्ट चांगले आहेत. मागचं धरून बसू नका. आजपासून थेंब नाही, एवढं तुमच्या हातात आहे."

मी पुन्हा तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारून बघितला. उत्तर तेच आलं.

रिक्षात यजमान म्हणाले, "सोडशील?"

"सोडीन." सोडायचं अवघड जाणार, हे मला कळलं होतं, पण ते जमणार होतं. कामं कशी संपवायची हे मला येतं. छातीवर दगड होता तो वेगळाच. मी म्हणाले, "अत्तम्मांना काय सांगायचं?"

ज्या बाईनं दारूपायी नवरा घालवला, त्या बाईला जाऊन सांगायचं, की तुम्ही स्वतःच्या हातानं तुमच्या आजारी सुनेला दारू पाजलीत? रोज, मायेनं, श्वास रोखून? त्या पुन्हा माझ्याजवळ बसल्या नसत्या. स्वतःलाच बसू दिलं नसतं.

"काही सांगायचं नाही," यजमान म्हणाले. "म्हणायचं, कोर्स संपला."

मला ते पटलं. साधं, सुटसुटीत, कुणाला इजा नाही. सासूबाई भिवंडीहून आल्या, पाय धुतले, बसल्या, आणि पहिला प्रश्न, "डॉक्टरीण काय म्हणाली?"

"रिपोर्ट चांगले आहेत. आणि ब्रँडीचा कोर्स पूर्ण झाला म्हणाल्या. आता बंद."

मी ज्याचा विचार केला नव्हता ते झालं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिला मान्य होती की माझी ब्रँडी!" त्या यजमानांच्या पाठीत थाप मारून म्हणाल्या, "बघ, शिकलेली बाई, पण जुनं मानते." संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं होतं, की सुनेला अत्तम्मांनी उभी केली आणि मोठ्या डॉक्टरणीनं त्याला होकार दिला.

पायरीवरचं बसणं मात्र, मला भीती होती तसंच, बंद झालं. कोर्स संपला म्हटल्यावर त्या संध्याकाळी विड्या घेऊन पुढच्या ओसरीवर बसू लागल्या. मी स्वयंपाकघरात. वाटी फळीवर पालथी.

थोड्याच दिवसांनी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतली वहिनी आली. ती मोहोळकडची, मोकळ्या गळ्याची बाई. मी आत भाकरी थापत होते, ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं.

"आजी, माझी धाकटी जाऊ हाय न्हवं? तिला बी तसलीच गाठ निघाली. ऑपरेशन झालंय. लई खचलीय ओ. तुमी सुनंला काय दिलं, ते मला बी सांगा की."

"सांगायचं काय त्यात? थांब."

सासूबाई आत आल्या. स्टूल ओढलं, डबा काढला, बाटली हातात घेतली. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका तृप्त होता. माझा हात पिठानं भरलेला. त्या बाहेर गेल्या आणि मी ऐकलं, "हे घे. संध्याकाळी, गरम पाण्यात. आधी एक बूच, थंडीत दोन. माझी सून बघ, कारखान्याला जाते."

तव्यावर भाकरी तशीच टाकून मी बाहेर गेले. "वहिनी," मी म्हणाले, "ही उघडलेली बाटली आहे, अशी नेऊ नका. उद्या सकाळी मी तुमच्याकडं येते, मग सगळं नीट सांगते." बाटली मी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

"बरं की," ती म्हणाली. "आज आमच्या ह्यांनाच सांगते नवी आणायला. ह्यांना बरं ठाऊक हाय दुकान!" हसत हसत ती गेली.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. आत भाकरी करपल्याचा वास येत होता.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना परसात नेलं, पायरीवर बसवलं आणि शेजारी बसले. हाताचं पीठ तसंच. मग सांगितलं. कोर्स-बिर्स काही नव्हता. डॉक्टरीणबाईंना ब्रँडी ठाऊकच नव्हती. ठाऊक झाल्यावर त्या काय म्हणाल्या, तेही शब्दाला शब्द. यंत्रमागांच्या आवाजात मला मोठ्यानं सांगावं लागत होतं. असली गोष्ट ओरडून सांगायला नको वाटते, पण दुसरा इलाज नव्हता.

त्या म्हणाल्या, "त्याच्या हातातनं जन्मभर ओढून घेतली. आणि तुझ्या हातात मीच दिली."

"तुम्ही बुचानं दिली," मी म्हणाले. "तुम्ही भिवंडीला होता तेव्हा मी वाटीनं घेतली. गूळ नाही, पाणी नाही. उभ्यानं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"खरं?"

"खरं. बसमध्ये आठवण यायची."

त्यांनी माझ्या पिठाळलेल्या हातावर एक चापट मारली. जोरात. "चोर," त्या म्हणाल्या. आवाज थोडा हलला होता, पण तो रडण्याकडं न जाता दुसरीकडं वळला. "सासऱ्यावर गेलीस की गं तू."

मग लगेच, "त्यानं तुला काय झालंय? मला फसवू नको आता."

"कुणालाच सांगता येत नाही, अत्तम्मा. पुन्हा पुन्हा विचारलं मी. आज सगळं बरं आहे. इथून पुढं थेंब नाही, एवढंच हातात आहे."

त्या उठल्या. मला वाटलं, आता आत जाऊन पडतील. पण म्हणाल्या, "आधी फोन लाव. भिवंडीला. ती पोरगी अंगावर पाजतीय बाळाला, आणि मी तिला पण रोज..." मी फोन लावून दिला. नणंदेला फोनवर काय सांगितलं ते सगळं तेलुगूत आणि फार भरभर होतं. शेवटी नणंद काहीतरी म्हणाली असावी, कारण त्या ओरडल्या, "आजीनं सांगितलं होतं म्हणून काय झालं? आजीच सांगते आता, ओतून टाक!"

फोन ठेवला. मी बाटली घेऊन मोरीपाशी गेले आणि बूच काढलं. त्या मागोमाग आल्या. मी ओतलं. वास मोरीभर पसरला. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या.

"रडणार नाहीस ना?"

"नाही."

"रडलीस तरी चालेल. मी बसते शेजारी."

आम्ही तशाच गिरणीवर गेलो. मी म्हटलं, मी सांगते. त्यांनी ऐकलं नाही. पीठ न्यायला आलेल्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या. गिरणीच्या घरघरीत सासूबाई सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाल्या, "मगाशी मी सांगितलं ते चुकीचं होतं. ती दारू हाय. तुझ्या जावंला द्यायची नाही. डॉक्टरणीनं हो म्हटलं नव्हतं, नको म्हटलंय." मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. एक बाई नुसती म्हणाली, "आमच्यात पण देत्यात की बाळंतिणीला." सासूबाई तिच्याकडं वळल्या. "मी पण द्यायची. आता नाही देणार."

गिरणीवाल्या वहिनीच्या हातावर, केसांवर पीठ. तिचा चेहरा पडला. "मग मी काय देऊ ओ तिला? कायतरी सांगा की आजी. रिकाम्या हातानं कसं जाऊ?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं: डॉक्टरांनी दिलेली औषधं, वेळेवर जेवण, थोडं चालणं. सगळं ओळीनं डोक्यात होतं. पण सासूबाई आधी बोलल्या.

"संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बस. तिचा हात भिंतीवर चढवायचा असतो, मुंगीसारखा. दुखतं, तेव्हा ती थांबते. तू खालनं हात धर. ढकलू नको." त्यांनी तळवा पुढं करून दाखवला. "असा."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा परसातल्या पायरीवर दोन वाट्या होत्या. एक माझी आणि दुसरी तेवढीच, नवीन काढलेली. पाणी, गूळ, आलं, मिरी आणि ओव्याचे चार दाणे. सासूबाईंनी आधी स्वतःच्या वाटीतला घोट घेतला. आजवर मला जे जे दिलं, ते त्यांनी कधी आधी चाखलं नव्हतं. आता चाखल्याशिवाय देत नाहीत.

त्यांनी तोंड वाकडं केलं. "लई पांचट झालंय."

"ब्रँडी बरी होती," मी म्हणाले.

"मला काय ठाऊक? मी कुठं प्यायले होते? चोराला ठाऊक."

मी माझी वाटी संपवली. खरं सांगायचं तर त्या वेळेला जीव थोडा कासावीस होतोच, अजूनही होतो, कधी कधी. त्यांना ते कळतं. तेव्हा त्या जरा सरकून जवळ बसतात. त्या दिवशीही तशाच सरकल्या. शेजारचे माग खडखडत होते. मग वाटी खाली ठेवून त्यांनी भिंतीकडं बोट केलं.

"चढ," त्या म्हणाल्या.

मी उठले आणि भिंतीवर बोटं टेकवली.